सॉफ्टवेअरच्या मदतीची घडी कशी बसवावी: मेलिंग लिस्ट की फोरम?

देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदारांसाठी आम्ही काही जणांनी मिळून हिशोबाचं एक मोफत सॉफ्टवेअर केलं आहे. बागेतून किती पेट्या निघाल्या, पेटीत किती डझन, कुठल्या गाडीने वाशीला गेल्या, व्यापाऱ्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, काय आली, भाडं आणि हमाली वजा जाता हातात किती राहिले, एवढं ते सांगतं. लिहिणारे आम्ही मोजके, वापरणारे विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेले. मदतीचं सगळं काम माझ्याकडे असतं. अशा छोट्या, फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरच्या वापरणाऱ्यांना मदत करायची तर चर्चा मेलिंग लिस्टवर चालवावी की वेबवरच्या फोरमवर, आणि निवड झाल्यावर काय काय बसवावं लागतं, ते इथे लिहिते. तुमचं सॉफ्टवेअर पतसंस्थेचं असो, वाचनालयाचं असो की मच्छीमार सोसायटीचं, तुम्हालाही याचा उपयोग व्हावा.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. जागा निवडताना फक्त विचारणाऱ्याकडे पाहू नका. उत्तर कोण देणार आणि तेच उत्तर नंतर कोण वाचणार, हे आधी बघा. विचारणारा अडलेला असतो, तो सांगाल तिथे येईल. उत्तर देणारा आपला वेळ फुकट देतो, तो त्याच्या सोयीच्या जागीच टिकतो. आणि आमच्याकडे सगळं काम हंगामी. मार्च ते मे प्रश्नांची झुंबड, जूनचा पाऊस लागला की शांत. पुढच्या मार्चमध्ये तोच प्रश्न दुसऱ्या वाडीतला दुसरा माणूस विचारतो. गेल्या वर्षीचं उत्तर त्याच्या हाती लागलं नाही, तर दर हंगामात सगळं पहिल्यापासून.

उत्तर देणारे आणि विचारणारे, दोघांची नीट ओळख करून घ्या

आमच्याकडे उत्तर देणाऱ्यांमध्ये एक जण पुण्यात नोकरी करतो, एक कणकवलीत संगणक दुरुस्ती करतो, एक निवृत्त शिक्षक आहेत, आणि मी. पुण्याचा मुलगा दिवसभर मेल उघडा ठेवून बसतो, वेगळ्या साइटवर जाऊन लॉगिन करायला त्याला फुरसत नसते. गुरुजींना उलट सगळं एका जागी, मोठ्या अक्षरात, क्रमाने दिसलेलं आवडतं. चार माणसांत एवढा फरक. म्हणून सुरुवात करताना उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला विचारा: दिवसातून कुठली गोष्ट तुम्ही न सांगता उघडता? बहुतेकांचं उत्तर मेल असेल, तर लिस्ट चांगली चालेल. कुणी संध्याकाळी तासभर बसून सगळे प्रश्न हातावेगळे करणारा असेल, तर फोरम त्याला सोयीचा.

विचारणाऱ्यांच्या बाबतीत कोकणातली एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. संगणक गावच्या घरात असतो आणि प्रश्न डोंबिवलीहून किंवा विरारहून येतो. वडील बागेत, हिशोब बघणारा मुलगा चाकरमानी. वडिलांनी फोनवर जे सांगितलं ते मुलगा आपल्या शब्दांत लिहितो, स्क्रीनचा फोटो तिसराच कोणी काढतो. त्यामुळे आमच्याकडे प्रश्नाच्या नमुन्यातली पहिलीच ओळ अशी आहे: संगणक आत्ता कोणासमोर आहे? ही एक ओळ विचारल्याने जेवढ्या फेऱ्या वाचल्या, तेवढ्या दुसऱ्या कशानेही वाचल्या नाहीत.

मेलिंग लिस्ट घ्यायची तर

मेलिंग लिस्टचं काम साधं आहे. एका पत्त्यावर मेल टाकायची, ती सगळ्या सदस्यांना जाते, उत्तरही त्याच पत्त्यावर. लिस्टसर्व्ह नावाचं सॉफ्टवेअर १९८६ पासून हे काम करत आलं आहे, आणि आज फुकट मिळणारं, आपल्या सर्व्हरवर बसवता येणारं साधन म्हणजे जीएनयू मेलमन. स्वतःचा सर्व्हर नको असेल तर गूगल ग्रुप्स आहे. नेहमीच्या जीमेलमधून हाताने सगळ्यांचे पत्ते टाकून मात्र हे काम करू नका. साध्या खात्यातून दिवसाला ५०० पत्त्यांच्या पुढे मेल जात नाही, आणि कोण सदस्य आहे, कोण नाही, याचा मेळ महिनाभरात सुटतो.

आमच्या किनाऱ्यासाठी मेलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती नेटची वाट बघत थांबू शकते. घरात रेंज नाही, कातळावर गेल्यावर दोन काड्या येतात, हे इथल्या अनेक वाड्यांचं रोजचं आहे. मेल ॲपमध्ये उत्तर लिहून ठेवलं तर ते आउटबॉक्समध्ये पडून राहतं आणि रेंज आली की जातं. आलेली मेल एकदा उतरली की नेट नसतानाही वाचता येते. फोरमचं पान नेट असेल तरच उघडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या सिंधुदुर्गाच्या समुद्रातून वर सरकलं तेव्हा तर आंब्याचा हंगाम चालूच होता. अशा वेळी लिस्टचा सर्व्हर बंद पडला तरी पाठवणाऱ्याची मेल लगेच मरत नाही. समोरचा सर्व्हर लागत नसेल तर चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असं मेलच्या मूळ नियमांतच लिहिलेलं आहे. फोरमचा सर्व्हर बंद असेल तर प्रश्न लिहायलाच जागा नसते.

आता बसवताना काय बघायचं ते.

मेलमनमध्ये एका मेलचा कमाल आकार मुळात ४० केबी ठेवलेला असतो. साध्या मजकुराला तो पुष्कळ आहे. पण फोनवरून काढलेला स्क्रीनचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. अशी मेल लिस्टवर जात नाही, व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी अडकून राहते, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की कुणी लक्ष देत नाही. मदतीच्या लिस्टवर फोटो येणारच. मर्यादा १ एमबीच्या आसपास न्या, आणि फोटो लहान करून कसा पाठवायचा हे स्वागताच्या मेलमध्ये लिहा.

दुसरी गोष्ट उत्तर कुठे जावं याची. वाचकाने 'रिप्लाय' दाबलं की उत्तर सगळ्या लिस्टला जावं की फक्त विचारणाऱ्याला, हे लिस्टच्या सेटिंगवर ठरतं. यावर जुनेजाणते लोक तावातावाने भांडतात. माझं मत स्पष्ट आहे: मदतीच्या लिस्टवर उत्तर लिस्टलाच जायला हवं. उत्तर एकट्याला गेलं तर बाकीच्यांना प्रश्न सुटला हे कळत नाही, तिघं जण तेच पुन्हा लिहितात, आणि जुन्या मेलच्या साठ्यात प्रश्न राहतो, उत्तर नाही. उत्तर लिस्टला जाण्याचा धोका म्हणजे खासगी मजकूर चुकून सगळ्यांना जाणं. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण तिच्यावाचून लिस्ट चालतच नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहू आणि एओएलने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क नावाचा नियम कडक केला. आमच्या पत्त्याची मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून आली तर ती घेऊ नका, असं त्यांनी जगाला सांगून टाकलं. मेलिंग लिस्ट नेमकं तेच करते, सदस्याच्या नावाने मेल आपल्या सर्व्हरवरून पाठवते. त्यामुळे अशा मेल परत यायला लागल्या, आणि परत येणाऱ्या मेलमुळे लिस्टने भलत्याच, निर्दोष सदस्यांची मेल थांबवली. मेलमनमध्ये यासाठी 'मंज फ्रॉम' नावाची सोय आहे. ती चालू केली की मेल लिस्टच्या पत्त्याने जाते आणि माणसाचं नाव पुढे दिसत राहतं. सोबत आपल्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आली हे पटवणाऱ्या खुणा, लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबतीत जास्तच काटेकोर झालं आहे आणि आपले जवळजवळ सगळे वापरणारे जीमेलवर आहेत. हे बसवणं तुम्हाला जमणार नसेल तर स्वतःचा मेल सर्व्हर चालवू नका, तयार सेवा घ्या. यात कमीपणा काही नाही.

आणि धागे, म्हणजे एक प्रश्न आणि त्याला जोडलेली उत्तरं. मेल प्रोग्राम कुठली मेल कुठल्या मेलचं उत्तर आहे हे मेलच्या आत लपलेल्या खुणांवरून ओळखतो. प्रत्येक मेलला एक ओळखक्रमांक असतो, आणि उत्तरात मूळ मेलचा क्रमांक लिहिलेला असतो. नवा प्रश्न विचारायला कुणी जुनी मेल उघडून 'रिप्लाय' केलं आणि फक्त विषय बदलला, तरी आतल्या खुणा जुन्याच राहतात. मग बॅकअपचा प्रश्न प्रिंटरच्या धाग्यात जाऊन बसतो आणि ज्याला बॅकअपमधलं कळतं तो माणूस तो धागा उघडतच नाही. लोकांना एवढंच शिकवा: नवा प्रश्न, नवी मेल. बाकीच्या खुणा-बिणा समजावायला जाऊ नका.

फोरम घ्यायचा तर

फोरमचं खरं मोल नंतर येणाऱ्याला कळतं. प्रश्न, त्याखाली उत्तरं, त्यातलं बरोबर उत्तर खूण करून वर आणलेलं, आणि सगळं गूगलवर शोधता येणारं. चूक असेल तर उत्तर दुरुस्त करता येतं. मेल एकदा गेली की गेली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मेनू नव्या आवृत्तीत हलला, तेव्हा फोरमवरच्या जुन्या उत्तरात एक ओळ बदलून काम भागलं. लिस्टवर असतं तर जुनी मेल कायम चुकीचा रस्ता दाखवत राहिली असती.

फुकट साधनांत दोन नावं सांगते. पीएचपीबीबी २००० सालापासून आहे आणि पीएचपी, मायएसक्यूएल असलेल्या साध्या स्वस्त होस्टिंगवर चालतं. डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं. त्याला स्वतःचा छोटा सर्व्हर आणि किमान १ जीबी रॅम लागते, दोन असली तर बरं. मी डिस्कोर्सच्या बाजूने आहे, आणि कारण एकच: त्यात मेलचा दरवाजा उघडता येतो. सूचनेच्या मेलला दिलेलं उत्तर फोरमवर पोस्ट होतं, आणि एखाद्या विभागाला स्वतःचा मेल पत्ता देऊन त्यावर आलेली मेल नवा प्रश्न म्हणून घेता येते. म्हणजे आमचा पुण्याचा सहकारी मेलमध्येच राहतो आणि गुरुजी वेबवर. ही सोय आपोआप चालू नसते. उत्तरांच्या मेल घेण्यासाठी वेगळी मेलपेटी जोडावी लागते, ते काम पहिल्याच दिवशी करून टाका.

डिस्कोर्स मराठी माणसांसाठी वापरताना काही मूळ सेटिंगं बदलावीच लागतात. पोस्ट किमान २० अक्षरांची आणि शीर्षक किमान १५ अक्षरांचं हवं, असं तिथे आधीच ठरवलेलं असतं. 'झालं, धन्यवाद' एवढं लिहिलं तर फोरम घेत नाही. आपल्याकडचा माणूस प्रश्न सुटल्यावर एवढंच लिहितो, आणि ते दोन शब्द आपल्याला फार महत्त्वाचे असतात, कारण त्यावरूनच कळतं की उपाय लागू पडला. पोस्टची मर्यादा खाली आणा. शीर्षकाची मात्र तशीच ठेवा, तिचा उपयोग आहे. नव्या सदस्याला एका पोस्टमध्ये एकच चित्र टाकता येतं, हेही बदला. चूक सांगणारा संदेश आणि प्रिंटरचं सेटिंग, असे दोन फोटो तर पहिल्याच प्रश्नात लागतात. या मर्यादा स्पॅम टाकणाऱ्यांसाठी आहेत. त्या सैल केल्या की नव्या सदस्याची पहिली पोस्ट तपासूनच पुढे सोडायची, म्हणजे हिशोब बरोबर राहतो.

विभाग कमी ठेवा. उत्साहाच्या भरात दहा-बारा विभाग केले की प्रश्न विखुरतात आणि अर्धे विभाग ओस पडतात. आमच्याकडे पेट्या आणि पट्टी, प्रिंट, बॅकअप, आणि इतर, एवढेच आहेत. 'इतर' मध्ये एकाच तऱ्हेचे प्रश्न साचायला लागले तर नवा विभाग काढू.

व्हॉट्सॲपचं काय

लोक व्हॉट्सॲपवर येणारच, त्यांना अडवू नका. पण तिथे उत्तर ठेवू नका. नव्या सदस्याला आधीचं बोलणं आपोआप मिळत नाही, गूगलवर ते सापडत नाही, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि प्रश्नाच्या मध्ये कुणाचा वाढदिवस येतो. मी तिथे आलेला प्रश्न स्वतः फोरमवर टाकते, तिथे उत्तर देते आणि दुवा पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवते. विचारणाऱ्याला एक दाब जास्त पडतो, एवढंच. हंगामात हे जड जातं, तरी करा. दोन हंगाम नेटाने केलं की लोक स्वतःहून दुवे एकमेकांना पाठवू लागतात.

मराठीत प्रश्न सापडायला हवा

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इंग्रजीत फोरम चालवणाऱ्यांना हा त्रास नसतो आणि आपल्याला रोज असतो. प्रश्न येतो तो असा: 'ताई, पट्टी येणा नाय.' दुसरा लिहितो, 'पट्टी प्रिंट होत नाही.' तिसरा तेच रोमन लिपीत लिहितो. चौथा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवतो आणि पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. चौघांचा प्रश्न एकच आहे. शोधणाऱ्या यंत्राला मात्र हे चार वेगळे प्रश्न वाटतात.

आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय चिकटतो. प्रिंटर, प्रिंटरवर, प्रिंटरला, प्रिंटरमधून. नेमका शब्द शोधणारं साधन 'प्रिंटर' शोधलं तर 'प्रिंटरमधून' दाखवेलच असं नाही. शुद्धलेखनाचा गोंधळ वेगळा: प्रिंटिंग, प्रिंटींग, प्रिन्टिंग. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांना सारखीच दिसणारी पण आतून वेगळी अक्षरं. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एका कीबोर्डवर एक, दुसऱ्यावर दुसरी. 'ॲप' मधला ॲ कुणी एका चिन्हाने लिहितो, कुणी अ वर चंद्र देऊन. पडद्यावर काही फरक नाही, शोधात मात्र एक सापडतं तेव्हा दुसरं सापडत नाही.

उपाय माणसानेच करायचा आहे. मूळ प्रश्नाला हात लावू नका, माणसाने जसं लिहिलं तसं राहू द्या. मालवणीत लिहिलं असेल तर मालवणीतच राहू दे, पुढचा मालवणीत शोधणारा त्यावरच येईल. पण शीर्षक तुम्ही बदला. शीर्षकात प्रमाण मराठीतलं वाक्य, सॉफ्टवेअरमधल्या बटणाचं किंवा मेनूचं नाव जसंच्या तसं, आणि प्रत्यय शक्य तितका कमी. 'मदत हवी' हे शीर्षक एकाही दिवसासाठी राहू देऊ नका. 'पट्टी: प्रिंट कोरी येते, विंडोज १०' हे चांगलं शीर्षक. उत्तराच्या शेवटी एक ओळ जोडा आणि तीत लोक ज्या वेगवेगळ्या तऱ्हांनी हा प्रश्न विचारतात ते शब्द लिहा, रोमन लिपीतले सुद्धा. दिसायला ती ओळ ओबडधोबड दिसते, पण शोध तिच्यामुळेच लागतो. सॉफ्टवेअर चूक सांगणारा जो संदेश इंग्रजीत दाखवतं, तो अक्षर न् अक्षर तसाच उतरवून घ्या. त्याचं भाषांतर करू नका, कारण पुढचा माणूस तोच संदेश गूगलमध्ये चिकटवणार आहे.

मेलिंग लिस्टवर शीर्षक नंतर बदलता येत नाही. हा एकच मुद्दा आमच्यासाठी निर्णायक ठरला. मराठीतल्या मदतीला संपादनाचा हात लागतो, आणि तो हात फोरमवरच चालतो.

फोटोत रक्कम दिसते

आंब्याच्या धंद्यात कुणाच्या किती पेट्या गेल्या आणि कुठल्या व्यापाऱ्याने काय दर दिला, हे शेजाऱ्याला कळू नये असं प्रत्येकाला वाटतं. आणि पट्टी प्रिंट होत नाही म्हणून जो फोटो येतो त्यात नेमकं तेच असतं. व्यापाऱ्याचं नाव, दर, बँकेचं खातं. लिस्टवर तो फोटो गेला तर सगळ्यांच्या मेलपेटीत कायमचा गेला, परत घेता येत नाही. फोरमवर काढून टाकता येतो, पण तोवर कोणी पाहिला असेल सांगता येत नाही. लोक प्रश्न विचारायला कचरतात त्याचं मोठं कारण हे आहे, लाज नव्हे.

म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्येच एक बटण दिलं. ते दाबलं की खोट्या नावांची, खोट्या आकड्यांची वही उघडते. अडचण त्या वहीत पुन्हा करून दाखवायची आणि तिचा फोटो पाठवायचा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही करता आलं तर नक्की करा, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आधी तेच करा. जिथे खऱ्या आकड्यांशिवाय चूक दिसतच नाही, तिथे प्रश्न खासगी संदेशात घ्या आणि सुटल्यावर नाव-आकडे वगळून उत्तर तुम्ही स्वतः फोरमवर लिहा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही काळजी कायद्याच्या नजरेतूनही महत्त्वाची झाली आहे, पण माझ्या लेखी शेजारधर्म पुरेसा आहे.

मानपानाचीही गोष्ट आहे. तोच प्रश्न पुन्हा आला की इंग्रजी फोरमवर 'आधी विचारलेला आहे' असं लिहून धागा बंद करतात. आमच्याकडे प्रश्न विचारणारे काका साठी ओलांडलेले असतात, गावात त्यांच्या शब्दाला वजन असतं. त्यांचा धागा चारचौघांत असा बंद केला तर ते पुन्हा येत नाहीत, आणि त्यांच्या ओळखीतले दहा जणही येत नाहीत. मी आधी दोन ओळींत उत्तर लिहिते, मग 'काका, याचे फोटो इथे आहेत' म्हणून जुन्या धाग्याचा दुवा देते. धागे जोडण्याचं काम नंतर, शांतपणे.

आमची शेवटची मांडणी

आम्ही फोरम घेतला, मेलचा दरवाजा उघडा ठेवला, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आम्हा मोजक्यांसाठी एक छोटी मेलिंग लिस्ट वेगळी ठेवली. लिस्टवर कोडची चर्चा होते, फोरमवर मदत. मोठ्या प्रकल्पांतही कामाप्रमाणे जागा वेगळ्या झालेल्या दिसतात. लिनक्सच्या गाभ्याचं काम आजही मेलिंग लिस्टवर चालतं, कारण कोडमधले बदलच तिथे मेलमधून पाठवतात आणि तपासतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मुख्य चर्चा मात्र २०२२ मध्ये लिस्टवरून डिस्कोर्सवर गेली. यात कुणी मागासलेलं नाही नि कुणी पुढारलेलं नाही, दोघांनी आपापलं काम पाहून जागा घेतली. तुमचे वापरणारे वीस-पंचवीसच असतील आणि एकमेकांना ओळखत असतील, तर नुसती लिस्ट पुरेल. फोरमचा सर्व्हर सांभाळत बसू नका.

काम वाटून घ्या, आणि हंगामाप्रमाणे वाटा. मार्च ते मे रोज एकाची पाळी, त्या दिवशी आलेल्या प्रत्येक प्रश्नाला निदान 'पाहिलं, संध्याकाळी सांगते' एवढं तरी गेलं पाहिजे. अनुत्तरित प्रश्नासारखं दुसरं काही माणसाला परत फिरवत नाही. पावसाळा मात्र आवरासावरीचा. जून ते सप्टेंबरमध्ये आम्ही हंगामातले धागे वाचतो, शीर्षकं सुधारतो, सुटलेल्यांवर खूण करतो, आणि जे प्रश्न वारंवार आले त्यांची फोटोसकट उत्तरं लिहून वर चिकटवतो. एखादा प्रश्न फारच वेळा आला असेल तर उत्तर लिहिण्याआधी सॉफ्टवेअरच दुरुस्त करता येतं का ते बघा. प्रिंट कोरी येण्याचे निम्मे प्रश्न आम्ही कागदाचा आकार आधीच बरोबर ठेवून संपवले.

साठा आपल्या हातात ठेवा

याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं, आणि ज्यांनी आपला मजकूर वेळेत उतरवून घेतला नव्हता त्यांचा गेला. सेवा कुठलीही घ्या, महिन्यातून एकदा सगळा साठा आपल्या डिस्कवर उतरवायची सवय ठेवा. लिस्टचा साठा एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतो. गूगल ग्रुप्समधला तुमच्या मालकीचा गट गूगलच्याच टेकआउट या सेवेतून असाच उतरतो, मेलमनमधूनही. डिस्कोर्स पूर्ण बॅकअप एका फाइलमध्ये देतं. ती फाइल त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या माणसाकडे एक प्रत द्या. आमची कणकवलीत असते. आणि वर्षातून एकदा, गणपतीनंतर, त्या फाइलवरून दुसऱ्या संगणकावर फोरम उभा करून बघा. फाइल असणं वेगळं आणि तिच्यातून सगळं परत येणं वेगळं.

लिस्टवरून फोरमवर जात असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, हंगामात अजिबात नको. जुन्या मेल फोरममध्ये आणायच्या असतील तर सगळ्या आणू नका. ज्यांत उत्तर आहे आणि जे उत्तर आजही लागू आहे, तेवढेच धागे हाताने निवडा. बाकीचा साठा वाचण्यापुरता उघडा ठेवा. जुन्या पत्त्यावर येणारी मेल नव्या फोरमच्या मेल पत्त्याकडे वळवा, आणि पाठवणाऱ्याला एका ओळीत नवी जागा सांगणारं उत्तर आपोआप जाऊ द्या. भिंतीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, पॅकिंग शेडमधल्या फळ्यावर लोकांनी तो जुना पत्ता लिहून ठेवलेला असतो. निदान दोन हंगाम तरी तो चालू ठेवा.